घाटवाटांचे सायकलमार्ग : सह्याद्रीतील गड, लेणी आणि खोरी

सह्याद्रीच्या रांगेमुळे महाराष्ट्रात दोन वेगळ्या उंचींचे प्रदेश झाले आहेत. पश्चिमेला कोकणची अरुंद पट्टी, तिची पुष्कळ गावे समुद्रसपाटीपासून थोड्याच मीटरांवर. पूर्वेला देश, साधारण साडेपाचशे ते सातशे मीटरांवर पसरलेला. कोकणाच्या बाजूला हा डोंगर कड्यांनी एकदम तुटतो. देशाच्या बाजूला तो लांब सोंडांनी, नद्यांच्या खोऱ्यांतून, सावकाश उतरतो. मोटारीतून जाणाऱ्याला हा फरक घाटातल्या वळणांपुरता जाणवतो. सायकलस्वाराचा मात्र सगळा बेत त्यावर ठरतो. घाट कोणता, तो कुठल्या बाजूने चढायचा, माथ्यावर किती वाजता पोचायचे आणि पलीकडच्या उतारानंतर मुक्काम कुठे, या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली की मार्ग जवळजवळ आखून होतो. या भागात नुसत्या किलोमीटरांना फारसा अर्थ नाही.

इतिहासाची स्थळेही याच घाटांना धरून आहेत. दख्खनचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांतून बनला. हे थर आडवे, एकावर एक बसले. कठीण थरांचे कडे झाले, मऊ थर झिजून त्यांच्यामध्ये सपाट पट्ट्या पडल्या. या पट्ट्यांवर पुढे माच्या बांधल्या गेल्या आणि कड्यांनी तटबंदीचे निम्मे काम केले. एकजिनसी थर जिथे सापडले तिथे लेणी कोरली गेली. कोकणातल्या बंदरांतून देशावर माल चढवायला खिंडी मोजक्याच होत्या, म्हणून त्या खिंडींवर लक्ष ठेवणारे गड आणि त्यांच्या जवळपास व्यापाऱ्यांच्या दानातून कोरलेले विहार दोन्ही दाटीने आढळतात. बोरघाटावर लोहगड, विसापूर आणि राजमाची, नाणेघाटावर जीवधन, चावंड, हडसर आणि शिवनेरी, पारघाटावर प्रतापगड, वरंधावर कावळ्या. गडांची यादी पाठ करण्यापेक्षा कोणता गड कोणत्या घाटाचा राखणदार होता हे समजून घेतले, तर सायकलचा मार्ग आपोआप सुचत जातो.

जुन्या घाटवाटा आणि आजचे घाटरस्ते एक नाहीत. बैलांच्या पाठीवर माल लादून नेणाऱ्या तांड्यांच्या वाटा आखूड आणि खड्या असत, जागोजागी पायऱ्या खोदलेल्या असत. त्यांवर सायकल चालत नाही, खांद्यावर घ्यावी लागते. एकोणिसाव्या शतकात गाडीरस्ते झाले तेव्हा भरलेली बैलगाडी चढावी म्हणून चढ सौम्य ठेवावा लागला. साधारण वीस फुटांना एक फूट चढायचे, म्हणून रस्त्याला वळणावर वळण घ्यावे लागले. बोरघाटातला गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला. बैलासाठी ठरवलेला तो चढ आज सायकलस्वाराला मानवतो. पाच टक्क्यांच्या आसपासचा, तास-दीड तास चालणारा असा चढ नेहमी सायकल चालवणाऱ्याला सामानासह जमतो. अलीकडे झालेले गडाच्या माथ्यापर्यंतचे किंवा वाड्या-वस्त्यांचे जोडरस्ते फार खडे आहेत. सिंहगडाचा रस्ता त्याचे उदाहरण आहे. पायथ्यापासून आठ-नऊ किलोमीटरांतच तो एवढा चढतो की पुण्याचे सायकलस्वार स्वतःची तयारी त्याच्यावरच जोखतात.

घाटाला किती वेळ लागेल याचा अंदाज साध्या हिशेबाने येतो. माणूस, सायकल आणि सामान मिळून शंभर किलो वजन धरले आणि पायडलवर सलग शंभर वॅट शक्ती लावता येते असे मानले, तर तासाला सुमारे साडेतीनशे मीटर उंची गाठता येते. सराव नसलेल्याला याहून कमी, चांगल्या तयारीच्या माणसाला पाचशेपर्यंत. वाई ते पाचगणी हा पसरणी घाट सुमारे पावणेसहाशे मीटर चढतो, म्हणजे त्याला दीड ते दोन तास धरावे लागतात. दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर आणि हजार-बाराशे मीटर चढाई इतका बेत सामान घेऊन जाणाऱ्याला पुरेसा आहे. त्याहून मोठा बेत आखला तर वाटेतले गड आणि लेणी पाहायला वेळच उरत नाही, आणि मग या मार्गाने येण्याचे मुख्य कारणच नाहीसे होते.

पहिल्या प्रवासासाठी मावळ सर्वांत चांगला. लोणावळा किंवा कामशेत गाठायचे, तिथून कार्ले, भाजे आणि बेडसे या तिन्ही लेण्यांना भेट द्यायची आणि पवनेच्या जलाशयाकडे वळायचे. कार्ल्याचे चैत्यगृह भारतातील कोरीव चैत्यगृहांत सर्वांत मोठे. त्याच्या छतातल्या लाकडी कमानी दोन हजार वर्षांनंतरही जागेवर आहेत. दात्यांच्या शिलालेखांत धेनुकाकट या गावाचे आणि तिथल्या यवनांचे उल्लेख आढळतात, त्यावरून बोरघाटाच्या तोंडाशी किती दूरचे लोक येत होते ते कळते. भाजे त्याहून जुने, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातले. त्याच्या डोक्यावरच विसापूर आणि शेजारी लोहगड उभा आहे. पुढे पवनेच्या काठाने तिकोना आणि तुंग असे दोन आटोपशीर गड लागतात. तुंगचा सुळका दुपारच्या उन्हात लांबूनही ओळखता येतो. रस्ता जलाशयाच्या कडेने वर-खाली होत जातो, पण मोठा घाट कुठेही नाही. दोन दिवसांत निवांत होणारा असा हा फेरा आहे. शनिवार-रविवारी पर्यटकांच्या मोटारींची गर्दी फार असते, म्हणून मधला वार निवडावा. मुंबईहून सायकलनेच यायचे असेल तर द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी आहे. खंडाळ्याचा जुना रस्ता घ्यावा लागतो. त्या रस्त्यावर शिंग्रोबाचे देऊळ लागते. घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचे ते देऊळ असल्याचे लोक सांगतात.

पुण्याच्या दक्षिणेचा पुरंदरचा भाग यापेक्षा कोरडा आणि मोकळा आहे. दिवेघाट चढून सासवड, तिथून नारायणपूर आणि पुरंदर, परतताना बोपदेव घाट अशी एका दिवसाची वाट पुष्कळांच्या सरावाची आहे. मिर्झाराजे जयसिंगाशी १६६५ मध्ये झालेला तह पुरंदरच्या नावानेच ओळखला जातो. सासवडला कऱ्हेकाठी संगमेश्वराचे आणि चांगावटेश्वराचे मंदिर, संत सोपानदेवांची समाधी अशी स्थळे थोड्या अंतरात आहेत. दिवेघाटातून आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी चढते, त्या दिवसांत हा रस्ता वारकऱ्यांचा असतो.

इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत समृद्ध भाग जुन्नरचा आहे. अवघ्या एका तालुक्याच्या डोंगरांत लेण्यांची संख्या दोनशेच्या आसपास भरते. लेण्याद्री, तुळजा लेणी, मानमोडी आणि शिवनेरीच्या कड्यातली लेणी हे त्यांतले मुख्य गट. लेण्याद्रीचे एक लेणे अष्टविनायकांपैकी गणपतीचे स्थान झाले आहे. शिवनेरीवर १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवाजी महाराजांचा जन्म झाला. गावातून गडाच्या पायथ्याशी पोचायला सायकलने थोडकाच वेळ लागतो. खरी वाट मात्र पश्चिमेकडे घाटघरला जाणारी आहे. जुन्नरहून सुमारे तीस किलोमीटरांवर पठाराची कड येते आणि तिथे नाणेघाट कोकणात उतरतो. कल्याण आणि सोपारा या बंदरांतून पैठणकडे जाणारा माल या खिंडीतून चढत असे. खिंडीच्या तोंडाशी असलेल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. त्यात यज्ञांचे आणि दानांचे तपशील आहेत, आणि त्यातले संख्यांक भारतातील जुन्या अंकलेखनाचा महत्त्वाचा पुरावा मानले जातात. बाहेर दगडाचा मोठा रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकली जात, अशी पारंपरिक समजूत आहे. घाट स्वतः पायऱ्यांचा आहे, म्हणून सायकल वरच ठेवून थोडे खाली चालत उतरावे. दगडी फरसबंदीवरून चालताना ही वाट किती मोठ्या खर्चाने बांधली असेल ते लक्षात येते.

या भागात दोन गोष्टी सांभाळायच्या असतात. जुन्नरच्या उसाच्या शेतांत बिबट्यांचा वावर आहे आणि माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्रही आहे. म्हणून पहाटे अंधारात आणि दिवेलागणीनंतर एकट्याने सायकल चालवू नये. दुसरी गोष्ट माळशेज घाटाची. तो दिसायला फार देखणा आहे, परंतु तिथून कल्याण-अहिल्यानगर हा मोठा रस्ता जातो आणि मालट्रकांची रहदारी सारखी चालू असते. पावसाळ्यात त्यात हौशी गर्दीची भर पडते. सायकलसाठी माळशेजची शिफारस करता येत नाही. घाट नाणेघाटाच्या टोकावरून पाहावा आणि त्याच वाटेने परतावे, कुकडेश्वराच्या जुन्या शिवमंदिरापाशी थांबून.

एकच मोठा प्रवास निवडायचा झाला, तर भोरला सुरू होऊन भोरलाच संपणारा फेरा निवडावा : भोर, मांढरदेवी, वाई, महाबळेश्वर, प्रतापगड, पोलादपूर, महाड, रायगड आणि वरंधा घाटाने परत भोर. एकूण अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. ज्याला गड पाहायचे आहेत त्याला पाच दिवस लागतात. देशावरून घाटमाथ्यावर, तिथून कोकणात आणि कोकणातून पुन्हा देशावर, असा सह्याद्रीचा पुरा आडवा छेद या फेऱ्यात दोनदा होतो. शिवाय शिवकाळातल्या घटना ज्या भूगोलात घडल्या तो भूगोल पायाखालून जातो.

भोर ही पंतसचिवांच्या संस्थानाची राजधानी. गावात राजवाडा आहे, शेजारी भाटघरचा जलाशय. हा प्रदेश रोहिडखोरे आणि हिरडस मावळ या नावांनी ओळखला जाई. मांढरदेवीच्या रस्त्यावरून थोडी वाट वाकडी केली की आंबवडे लागते. तिथे नागेश्वराचे मंदिर, झुलता पूल आणि कान्होजी जेधे व जिवा महाला यांच्या समाध्या आहेत. प्रतापगडाखाली अफझलखानाशी झालेल्या भेटीत शिवाजी महाराजांवर झालेला वार जिवा महालाने अडवला. दोन दिवसांनी त्याच प्रतापगडाखाली सायकल उभी करायची असते, म्हणून या समाधीपाशी थांबणे मोलाचे. आंबवड्याच्या वर रायरेश्वराचे पठार दिसते. स्वराज्याची शपथ इथे १६४५ मध्ये घेतली गेली, अशी परंपरा आहे. मांढरदेवीचा चढ या फेऱ्यातला पहिला खरा चढ. काळूबाईच्या यात्रेचे दिवस टाळले तर रस्ता शांत असतो. माथ्यावरून पलीकडे कृष्णेचे खोरे उघडते आणि उतार थेट वाईत नेतो.

वाईत एक दिवस मोडावा. कृष्णेचे घाट, रास्त्यांनी बांधलेले ढोल्या गणपतीचे मंदिर, मराठी विश्वकोशाचे कार्यालय आणि जवळच मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा. वाड्यामागच्या नदीघाटावर एक मोठी घंटा टांगली आहे. ती वसईच्या १७३९ च्या मोहिमेतून आलेली, पोर्तुगीज चर्चची घंटा आहे. धोमच्या नरसिंह मंदिरापर्यंतचा रस्ता सपाट आणि सावलीचा आहे. अवजड चढाच्या आदल्या दिवशी पायांना तो फार बरा पडतो.

वाईहून पसरणी घाट चढून पाचगणी आणि तिथून जवळजवळ वीस किलोमीटर पठारावरून महाबळेश्वर. जांभ्या दगडाचे हे पठार साडेतेराशे मीटरांच्या उंचीवर आहे. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात पाच नद्यांचा उगम मानतात. त्यांतल्या दोघी या प्रवासाला दिशा देतात. कृष्णा पूर्वेला वाईवरून जाऊन चौदाशे किलोमीटरांनंतर बंगालच्या उपसागराला मिळते. सावित्री पश्चिमेला पोलादपूर, महाड करत बाणकोटच्या खाडीत संपते, तिची लांबी त्या मानाने फारच थोडी. पुढचे दोन दिवस सायकल सावित्रीच्या सोबतीने जाते. हवामानाचा फरकही याच ठिकाणी कळतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर तीस किलोमीटरांवरच्या वाईला हजारही भरत नाही.

आंबेनळी घाट महाबळेश्वरहून पोलादपूरपर्यंत सुमारे चाळीस किलोमीटर उतरतो. बाराशे मीटरांहून अधिक उतार आहे, आणि त्यातून निघणारी सगळी शक्ती वारा आणि ब्रेक यांनाच पचवावी लागते. ब्रेक सतत दाबून ठेवला तर रिम किंवा डिस्क तापते. म्हणून वळणाआधी जोराने दाबायचा, सोडायचा, पुढे-मागे दोन्ही ब्रेक आलटून पालटून वापरायचे आणि अधूनमधून थांबायचे. वाटेत कुंभरोशीजवळून प्रतापगडाचा फाटा फुटतो. मोरोपंत पिंगळ्यांच्या देखरेखीखाली १६५६ मध्ये हा गड बांधून झाला आणि तीनच वर्षांनी, १० नोव्हेंबर १६५९ रोजी, त्याच्या पायथ्याशी अफझलखान मारला गेला. गडाच्या बुरुजावर उभे राहिले की खानाला इथे का ओढून आणले ते चटकन कळते. खानाची फौज रडतोंडीच्या घाटाने पार गावाकडे उतरली होती. चारी बाजूंना दाट जंगलाचे उतार, फौज पसरायला मैदान नाही, परतीच्या वाटा अरुंद. ज्याने नुकताच हा उतार सायकलने उतरला आहे त्याला हे नकाशाविना समजते. पार गावात रामवरदायिनीचे मंदिर आणि कोयनेवरचा जुना दगडी पूल आहे. हा पूल शिवकाळातला समजला जातो. गडावर दोन-तीन तास आणि पारला एक तास असा वेळ काढून ठेवावा.

पोलादपूरला शिवभारतकर्ते कवींद्र परमानंद यांची समाधी आहे. उमरठला तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे, परंतु तिकडे जायला फाटा घ्यावा लागतो. पोलादपूर ते महाड हा मुंबई-गोवा महामार्गाचा तुकडा या फेऱ्यातला सर्वांत कंटाळवाणा आणि धोकादायक. अवजड वाहनांचा वेग मोठा, म्हणून तो सकाळी लवकर उरकावा. महाडला पोचल्यावर प्रथम चवदार तळे पाहावे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या तळ्याचे पाणी प्याले आणि सार्वजनिक पाण्यावरचा हक्क प्रत्यक्ष कृतीने सांगितला. किल्ल्यांच्या प्रवासात या स्थळाला कमी वेळ दिला जातो हे खटकते. सह्याद्रीच्या इतिहासात इतके दूरगामी महत्त्व असलेली जागा विरळाच. महाडजवळच गांधारपाले येथे सुमारे तीस लेण्यांचा समूह आहे. सावित्रीच्या खाडीतून वर येणारा व्यापार इथेच थांबून पुढच्या घाटांकडे वळत असे.

महाड ते रायगड सुमारे पंचवीस किलोमीटर. वाटेत नाते हे गाव लागते. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचा जन्म या गावी १८९६ मध्ये झाला. पुढे पाचाडला जिजाबाईंची समाधी आणि वाड्याचे अवशेष. राज्याभिषेक ६ जून १६७४ रोजी झाला आणि त्यानंतर अकराच दिवसांनी, १७ जूनला, जिजाबाई इथे निवर्तल्या. सायकल पायथ्याशी ठेवून रायगड पायी चढावा. रोपवे आहे, पण आदले काही दिवस पायडल मारत आलेल्या माणसाला पायऱ्यांचे भय वाटण्याचे कारण नाही. वर राजसदर, बाजारपेठेची ओळ, जगदीश्वराचे मंदिर आणि महाराजांची समाधी पाहायला अर्धा दिवस लागतो. महाराजांचे निधन ३ एप्रिल १६८० रोजी इथेच झाले.

परतीचा वरंधा घाट कोकणातून देशावर चढवतो. महाडहून भोर पाऊणशे ते ऐंशी किलोमीटर, आणि मधे मोठी वस्ती नाही. पायथ्याजवळून शिवथरघळीचा फाटा फुटतो. समर्थ रामदासांनी दासबोधाची रचना या घळीत केली असे मानतात. घाट कावळ्या किल्ल्याला चिरत जातो. माथ्याजवळ वाघजाईच्या देवळापाशी चहा-भजीच्या टपऱ्या आहेत, आणि चढाच्या शेवटी तिथे मिळणारा विसावा फार मोलाचा असतो. तिथून पुढे नीरा देवघरच्या जलाशयाच्या कडेने उतरत भोर. हा घाट दरडींमुळे पावसाळ्यात वरचेवर बंद ठेवला जातो, तेव्हा निघण्याआधी भोर किंवा महाडला चौकशी करणे आवश्यक आहे.

बाकीच्या मार्गांचा उल्लेख थोडक्यात पुरतो. पुण्याहून पौड, मुळशी, ताम्हिणी करत माणगावला उतरणारा रस्ता जंगल आणि धबधब्यांसाठी प्रसिद्ध आहे. मुळशीच्या पाण्याखाली गेलेल्या गावांसाठी सेनापती बापटांनी १९२० च्या दशकात जो सत्याग्रह केला, तो या रस्त्याचा खरा इतिहास. वेल्ह्याकडून राजगड आणि तोरणा जवळ येतात. पाबे घाटाचा चढ लहान पण चांगलाच खडा आहे. भंडारदऱ्याला १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या धरणाच्या जलाशयाभोवती शेंडी, घाटघर, साम्रद, रतनवाडी असा चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरांचा फेरा आहे. वर १६४६ मीटरांचे कळसूबाई शिखर, आणि रतनवाडीचे कोरीव अमृतेश्वर मंदिर हा त्या फेऱ्याचा मुकुटमणी. साताऱ्याहून यवतेश्वरच्या घाटाने कास पठार गाठता येते. २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या पश्चिम घाटाच्या स्थळांत ते मोडते. फुलांच्या हंगामात तिथे सुट्टीच्या दिवशी जाऊच नये. कोल्हापूरकडे पन्हाळा, जोतिबा आणि पुढे गगनबावड्याहून करूळ घाटाने वैभववाडीला उतरणे हा दोन दिवसांचा सुरेख प्रवास आहे. आंबोलीचा घाट सावंतवाडीला नेतो आणि तिथून गोवा जवळच.

कोकणचा किनारी रस्ता वेगळ्या जातीचा. तिथे मोठा घाट नाही, पण प्रत्येक खाडीला उतरून पुन्हा जांभ्याच्या सड्यावर शंभर-दीडशे मीटर चढावे लागते, आणि दिवसभरात असे चार-पाच चढ झाले की त्यांची बेरीज एका घाटाएवढी होते. दिघी-आगरदांडा, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे आणि जयगड-तवसाळ या फेरीबोटींवर सायकल सहज चढवता येते. जंजिरा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे जलदुर्ग या एका रस्त्याने जोडले जातात.

ऋतूचा निर्णय मार्गाइतकाच महत्त्वाचा. ऑक्टोबरच्या शेवटापासून जानेवारीपर्यंतचा काळ उत्तम. आकाश स्वच्छ, ओढ्यांना पाणी, दुपार सोसण्याजोगी. फेब्रुवारीच्या मध्यानंतर कोकणातला उकाडा वाढतो आणि वरंध्यासारखा पश्चिमेचा चढ सकाळी दहाच्या आत संपवावा लागतो. पावसाळ्यात डोंगर सर्वांत सुंदर दिसतो, आणि सर्वांत घातकही तोच काळ असतो. २२ जुलै २०२१ च्या एका दिवसात महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी महाड तालुक्यातले तळिये गाव दरडीखाली गेले, आणि आंबेनळीचा रस्ता ठिकठिकाणी वाहून गेला. जुलै-ऑगस्टमध्ये घाटात सायकल नेण्याचे धाडस करू नये. पावसाची हौस असेल तर सप्टेंबरअखेर देशाच्या बाजूने, घाटमाथ्याच्या अलीकडेच फिरावे. तेव्हाही रस्त्यावरच्या शेवाळाने टायर घसरतो हे ध्यानात ठेवावे.

सायकल महागडीच हवी असे नाही. सर्वांत हलका गिअर पुरेसा हलका असावा, म्हणजे पुढच्या दातेरी चक्राला जितके दात असतील तितकेच किंवा त्याहून जास्त दात मागच्या मोठ्या चक्राला असावेत. टायर थोडे रुंद, ब्रेकपॅड नवे. तालुक्याच्या गावी पंक्चर काढून मिळते, परंतु पातळ टायरच्या परदेशी धाटणीच्या वाल्व्हची ट्यूब मिळेलच अशी खात्री नसते, म्हणून दोन ट्यूब, ठिगळाचे सामान आणि पंप जवळ असावा. सामान पाठीवर न घेता कॅरिअरला बांधावे. घाटात पाठीवरच्या ओझ्याने कंबर दुखते आणि घाम वाळत नाही. आगाऊ सांगितले तर बहुतेक पायथ्यांच्या गावांत घरगुती जेवण मिळते : तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, पिठले, ठेचा. महाड-रायगडाच्या बाजूला परत फिरायचे नसेल तर कोकण रेल्वेचे वीर किंवा माणगाव स्थानक जवळ आहे. तिथून सायकल सामान म्हणून ब्रेकव्हॅनमध्ये टाकता येते.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांतले शिवनेरी, लोहगड, रायगड, राजगड, प्रतापगड आणि पन्हाळा या लेखातल्या मार्गांवर किंवा त्यांच्या शेजारीच येतात. या दर्जामुळे गर्दी वाढणार, आणि ती मोटारींतून आली तर अरुंद घाटरस्ते व पायथ्याची गावे तिच्याखाली गुदमरतील. सायकलने येणारा पाहुणा गावात थांबतो, जेवतो, मुक्काम करतो आणि वाहनतळ मागत नाही. त्याच्यासाठी लागणारी व्यवस्थाही फार नाही : फाट्यांवर मराठीत अंतर आणि चढ सांगणाऱ्या पाट्या, घाटाच्या पायथ्याशी पिण्याचे पाणी, गडाखाली सायकल सुरक्षित ठेवायला एक छप्पर आणि दरड कोसळल्याची वेळेवर मिळणारी खबर. ग्रामपंचायती, जिल्हा परिषदा आणि बांधकाम खात्याने ही चार कामे एकट्या भोर-रायगड फेऱ्यावर जरी करून दाखवली, तरी बाकीच्या घाटांना नमुना मिळेल. नव्याने सुरुवात करणाऱ्याने मावळापासून करावी, एक हिवाळा सराव करावा आणि पुढच्या नोव्हेंबरात भोरहून मांढरदेवीच्या रस्त्याला लागावे.